मागच्या सीटवरची पोरं: रस्ता सुरक्षा मोहीम लागू पडली की नाही, हे कसं ओळखायचं?

जानेवारी उजाडला की रस्ता सुरक्षा महिना येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांतून रॅली निघतात, शपथा होतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात. फेब्रुवारीत फलक उतरतात. त्यातून काय साधलं, हे मात्र कुणी विचारत नाही. गेल्या काही हंगामांत आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्ते हे विचारायला लागलो. मग इतर शाळांतून आणि मंडळांतून आम्हालाच प्रश्न येऊ लागले. जे पुन्हापुन्हा आले ते इथे आहेत.

गाडी चालवणाऱ्याला शिकवा की. मागे बसणाऱ्या पोराला काय सांगायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर आकड्यांतच आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात हेल्मेट न घातलेले 50,029 होते आणि त्यांपैकी 14,337 गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. चारचाकीत तर हिशेब जवळजवळ निम्मा-निम्मा आहे: पट्टा न लावता गेलेल्या 16,715 जणांत 8,331 प्रवासी.

आता आपल्याकडचा नववी-दहावीचा किंवा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे लायसन नाही. तरी तो रोज रस्त्यावर असतो. भावाच्या गाडीवर डबलसीट, मित्राच्या गाडीवर ट्रिपल, वडापच्या (सीटवारी भाडं घेणाऱ्या खाजगी गाडीच्या) मागच्या दारात लोंबकळत, बसच्या फूटबोर्डवर, सुगीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. त्या वयात तो मुख्यतः प्रवासीच असतो. मोहीम मात्र त्याला 'वेग आवरा' सांगते. ॲक्सिलरेटर दुसऱ्याच्या हातात आहे, हे फलक लिहिणाऱ्याच्या ध्यानातच नसतं.

आणखी एक गोष्ट. मागे बसणारा म्हणजे नुसतं ओझं नव्हे. अमेरिकेत 2000 साली 16-17 वर्षांच्या मोटार चालकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलगा एकटा असताना त्याच्या मरणाचा जो धोका, तो गाडीत त्याच्याशिवाय तीन किंवा जास्त जण बसले की जवळजवळ तिप्पट होत होता, आणि प्रवासी वाढतील तसा पायरीपायरीने वाढत होता. ते मोटारींबद्दल आहे, आपल्या स्प्लेंडरला जसंच्या तसं लावू नका. पण 'अरे मार की, त्याला टाक मागं' असं मागून ओरडणारी पोरं सगळ्यांनीच ऐकली आहेत. तोच मागचा आवाज 'हळू' म्हणू शकतो का, एवढाच या मोहिमांचा प्रश्न असायला हवा.

मूल्यमापन म्हणजे परीक्षा घ्यायची का?

नाही. मोहिमेआधी पोरं रस्त्यावर काय करत होती, नंतर काय करतात, आणि तो फरक मोहिमेमुळेच पडला का, एवढं पाहायचं. तिसरा भाग अवघड आहे. बहुतेक अहवाल पहिल्या भागापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

आमच्या शाळेत सहाशे मुलांनी शपथ घेतली. फोटो आहेत, बातमी आली. हे पुरेसं नाही का?

कार्यक्रम झाला, याचा तो पुरावा आहे. पोरं बदलली याचा नाही. शपथ सकाळी दहाला होते. दुपारी साडेचारला शाळा सुटल्यावर गेटबाहेर काय दिसतं ते बघा. आम्ही एकदा मुद्दाम थांबलो होतो. सकाळी शपथ वाचून दाखवणारा मुलगाच ट्रिपल सीटमधला मधला निघाला. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या गावाची बस अजून यायची होती.

मग मोजायचं काय?

तीन थर धरा. सगळ्यात खालचा थर माहितीचा: मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं हे ठाऊक आहे का? कर्नाटकात जानेवारी 2016 पासून मागच्याला हेल्मेट सक्तीचं आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या आताच्या कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. हे मोजायला सोपं आहे, म्हणून सगळे हेच मोजतात. पण माहिती पुष्कळांना आधीच असते. मोहिमेआधीच दहातले आठ-नऊ बरोबर सांगत असतील, तर नंतर वाढायला जागा कुठे उरते?

मधला थर मनाचा आणि तयारीचा. 'मित्र जोरात चालवतोय, तू काय करशील?' याला पोराकडे उत्तर आहे का, ते शब्द तोंडातून काढायचं धाडस आहे का?

वरचा थर वागण्याचा. डोक्यावर हेल्मेट आहे का आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलाय का, एका गाडीवर किती जण, वडापच्या दारात कुणी लटकतंय का, आणि बसायला नकार दिला का. नकार डोळ्यांना दिसत नाही, तो विचारावाच लागतो. तरी आमच्या मते सगळ्यात मोलाचं माप तेच. हेल्मेट घरी नसलं तर पोर काय करणार? पण 'मी नाही बसत, तू जा' हे फुकट असतं.

हेल्मेटवर एवढा भर का?

कारण त्याचा परिणाम पक्का ठाऊक आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर मोटारसायकलस्वारांत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. म्हणजे हेल्मेट वाढलं हे दाखवता आलं, तर जीव वाचले हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. अर्धी टोपीसारखी जी हेल्मेटं रस्त्याकडेला मिळतात, ती या हिशेबात धरू नका. मोजणीच्या कागदावर त्यांचा वेगळा रकाना ठेवा.

गेटवर मोजणी नेमकी कशी करायची?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात.

दोघं लागतात. एक बघतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. 'गाडी, दोघं, मागचा मुलगा, गणवेशात, हेल्मेट नाही.' एकाच माणसाने बघून खाली मान घालून लिहायचं ठरवलं की तेवढ्यात तीन गाड्या निघून जातात, आणि कशा कोण जाणे, निघून गेलेल्या नेहमी ट्रिपल सीटच असतात.

गेटवरच उभं राहू नका. गेटवर सर असतात, पोरं तिथे उतरून चालत येतात. शे-दोनशे पावलं अलीकडे, वळणावर, झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे राहा. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड असं दिमाखात गेलात तर पोरांना आरटीओची माणसं वाटतात आणि गाड्या गल्लीतून वळतात.

सकाळ आणि संध्याकाळ वेगळी मोजा. सकाळी वडील किंवा काका सोडतात, संध्याकाळी मित्र. ही दोन निराळी जगं आहेत. मोहीम बहुधा सकाळवर परिणाम करते आणि धोका संध्याकाळी असतो.

गाडीचा नंबर लिहू नका, फोटो काढू नका, नाव तर नाहीच. एकदा एका मंडळाने ट्रिपल सीटचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्यावर एक पोर दिसेना आणि मोजणी तिथेच संपली.

पावसाचं तर विचारूच नका. जूनमध्ये खानापूरच्या बाजूला पहिली मोजणी ठेवली होती. निम्म्या डोक्यांवर रेनकोटची टोपी, आत हेल्मेट आहे की नाही कळायला मार्ग नाही. उरलेली पोरं प्लास्टिकचा कागद ओढून तिघं एकाखाली. सगळे कागद भिजले. आता आम्ही आधीची मोजणी नोव्हेंबरात आणि नंतरची फेब्रुवारीत करतो, म्हणजे दोन्हीकडे कोरडं आणि दोन्हीकडे उसाचा हंगाम.

किती पोरं मोजली की पुरे?

एक हिशेब करून बघा. समजा आधी मागे बसलेल्या 100 जणांत 10 हेल्मेटवाले होते, नंतर 100 जणांत 15. छान वाटतं. पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. आज एका वर्गाला सुट्टी होती म्हणूनसुद्धा. आता तेच प्रमाण 400 मध्ये 40 आणि 400 मध्ये 60 असं आलं, तर योगायोगाची शक्यता बरीच कमी होते. म्हणून निदान तीन-चारशे. आणि ते एकाच दिवशी नको, आठवड्यातले वेगवेगळे तीन-चार दिवस घ्या. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. एकाच गावातून येणारी पोरं एकमेकांसारखी वागतात, त्यामुळे चारशे डोकी म्हणजे खऱ्या अर्थाने चारशे वेगळे निर्णय नसतात. खूप ताणून धरू नका, पण विसरूही नका.

मोहीम न झालेली दुसरी शाळा मोजायची म्हणता. ती कशाला?

कारण रस्ता आपल्या मोहिमेसाठी थांबून राहत नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेत मुली-बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला. त्याआधी भावाच्या गाडीवर येणारी मुलगी बसने येऊ लागली, तर गाडीवरच्या मुलींचा आकडा घटतो. त्या वर्षी तुमची मोहीम झाली असेल तर श्रेय तुम्ही घ्याल आणि ते खरं सरकारच्या तिकिटाचं असेल. उलट बसमधली गर्दी वाढली म्हणून मुलगे फूटबोर्डवर किंवा गाडीवर गेले असतील, तर चांगली मोहीमही फसलेली दिसेल.

असंच पोलिसांच्या तपासणीचं. बेळगावात चन्नम्मा सर्कलला आठवडाभर हेल्मेटची तपासणी लागली की सगळ्या शहराच्या डोक्यावर हेल्मेट चढतं. बातम्यांचंही तेच: सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, आणि काही आठवडे घराघरात मागच्या पट्ट्याची चर्चा होती.

म्हणून त्याच तालुक्यातली, तसल्याच रस्त्यावरची, मोहीम न झालेली शाळा सोबत मोजा. आपल्याकडे हेल्मेट 10 टक्क्यांवरून 25 वर गेलं आणि त्या शाळेत 10 वरून 20 वर, तर आपली कमाई 15 ची नाही, पाचच टक्क्यांची. पुढच्या वर्षी त्या शाळेतही मोहीम करायची असं आधीच ठरवलं, की मुख्याध्यापक नाराज होत नाहीत.

तुलनेसाठी सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली शिनोळी-चंदगडकडची शाळा चालेल का? पोरं तर सारखीच आहेत.

पोरं सारखी, बोली सारखी, पण पोलीस वेगळे, दंड वेगळा, सुट्ट्या वेगळ्या. इकडे मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. बसही वेगळी. तुलना सीमेच्या एकाच बाजूला ठेवा.

आमच्या भागातले अपघात निम्मे झाले. मग मोहीम लागू पडली ना?

निम्मे म्हणजे किती? चाराचे दोन झाले असतील तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. एका तालुक्यात वर्षाला मागे बसलेली किशोरवयीन पोरं दगावण्याचा आकडा इतका लहान असतो की तो आपोआपच वरखाली होतो. त्यातून मोहीम बहुधा वाईट वर्षानंतरच हाती घेतली जाते. एखादा भीषण अपघात झाला, गाव हळहळलं, मोहीम झाली. पुढचं वर्ष त्यापेक्षा बरं जाणारच होतं.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. शिनोळीजवळ अपघात झाला तर जखमीला कोल्हापूरला कोण नेणार? बेळगावच जवळ. गुन्हा नोंदला जातो महाराष्ट्रात, उपचार आणि कधी मृत्यूची नोंद होते कर्नाटकात. निपाणीजवळच्या तवंदी घाटातल्या अपघातात निपाणीचे, कागलचे, गडहिंग्लजचे लोक असतात. दवाखान्याचा आकडा आणि पोलिसांचा आकडा जुळत नाही, कारण ते एकच गोष्ट मोजत नाहीत. आता अपघातांच्या नोंदी आयरॅड या केंद्रीय प्रणालीत जातात, तिची पहिली चाचणी ज्या सहा राज्यांत झाली त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. ठाण्यात चौकशी करायचीच असेल तर वय आणि 'चालक की मागे बसलेला' हे दोन रकाने मागा. पाच वर्षांचे मागा, एका वर्षाचे नको.

प्रश्नावलीत पोरं खरं लिहितात का?

सर वर्गात उभे असतील तर नाही. 'तुम्ही नेहमी हेल्मेट वापरता का?' याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारा: 'काल शाळेतून घरी कसा गेलास? गाडीवर किती जण होते? तुझ्या डोक्यावर काय होतं?' कालचं खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात. नाव घेऊ नका, कागद खोक्यात टाकायला सांगा.

नकाराबद्दल असं विचारा: 'गेल्या महिन्यात कधी एखाद्याच्या गाडीवर बसायला नको म्हणालास का? का? मग घरी कसा गेलास?' शेवटचं उत्तर सगळ्यात जास्त शिकवतं.

भाषेचं बघा. छापील साहित्य बरेचदा कन्नडमध्ये येतं. मराठी शाळेतली पोरं कन्नड वाचतात, पण वाचणं आणि मनात उतरणं वेगळं. साधी चाचणी: फलक दाखवून पोराला म्हणा, 'तुझ्या मित्राला हे तुझ्या शब्दांत सांग.' तो गडबडला तर दोष त्याचा नाही, फलकाचा. उर्दू शाळा, खानापूरच्या जंगलपट्ट्यातली कोकणी बोलणारी घरं, हल्याळ-जोयड्याकडची पोरं यांच्यासाठी हीच चाचणी पुन्हा करा. मराठीत भाषांतर केलं की झालं असंही नाही. 'सहप्रवासी' हा शब्द आमच्याकडे एकाही पोराने उच्चारला नाही. 'मागं बसलेला' म्हटल्यावर सगळ्यांना कळलं.

अपघाताचे रक्तबंबाळ व्हिडिओ दाखवले तर पोरं घाबरून सुधारतात ना?

घाबरतात खरी, पण सुधारतात असं नाही. भीतीबरोबर 'मग मी काय करू' याचं जमण्यासारखं उत्तर दिलं तर भीती उपयोगी पडते, नाहीतर पोर डोळे फिरवतं, हसतं, 'आपल्याला काय होतंय' म्हणतं. व्हिडिओनंतर लगेच भरून घेतलेल्या कागदावर विसंबू नका. त्या दिवशी सगळेच संत असतात. आणि वर्गात अपघातात कुणाचा बाप, भाऊ गेलेला असतो, हे आधी विचारून घ्या.

पोरगं मोठ्या माणसाला 'हळू चालव' कसं म्हणणार? आपल्याकडे ते चालत नाही.

खरा प्रश्न हाच आहे. परदेशी मोहिमा म्हणतात, 'तोंड उघड.' तिथे समोर मित्र असतो. इथे समोर मामा असतो, चुलतभाऊ असतो, वडापचा ड्रायव्हर असतो, ज्याला पोर 'मामा' म्हणतं आणि जो उद्याही बसायला जागा देणार की नाही ते ठरवतो. मुलीला तर आणखी अवघड. तक्रार केली तर घरचे म्हणतील, 'मग जाऊच नको कॉलेजला.'

म्हणून आम्ही सल्ला देण्याऐवजी वाक्यांचा सराव घेतो. पोरांनीच काढलेली वाक्यं आहेत. 'दादा, मला मळमळतंय, जरा हळू की.' 'काका, माझं दप्तर पडतंय, थांबा की जरा.' 'मामा, पुढच्या स्टॉपला उतरतो, आई येणार आहे तिथं.' एक मुलगी म्हणाली, 'मी सरळ रडायला लागते.' सगळा वर्ग हसला, पण मैत्रिणींनी ते वहीत लिहून घेतलं. यात खोटेपणा आहे, कबूल. सुटका करून घेताना मोठ्यांचा मान राखणं हे इथल्या पोराला पाळण्यातच शिकवलेलं असतं, ते मोहिमेने मोडायला जाऊ नये.

मोजायचं कसं? दोन महिन्यांनी विचारा: सरावातलं एखादं वाक्य खरंच वापरलंस का, कुणाला, आणि समोरचा काय म्हणाला. 'वापरलं आणि त्याने जास्तच पळवली' हे उत्तरही येतं. तेही लिहून घ्या.

अठराखालचा मुलगाच चालवत असेल तर पोलिसांना कळवायचं का?

मोजणी करणाऱ्याने नाही. एकदा कळवलंत की तुमची मोजणी म्हणजे खबरगिरी झाली. कायदा मात्र पालकांना सांगा, आणि स्पष्ट सांगा: कलम 199अ प्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन नाही. पालकसभेत हे ऐकल्यावर हॉलमध्ये जी शांतता होते ती कुठल्याच व्हिडिओने होत नाही. पण शांतता हेही माप नव्हे. महिनाभराने गेटबाहेर अठराखालचे चालक कमी झाले का, ते बघा. वयाचा अंदाज चुकतो, म्हणून 'गणवेशातला चालक' एवढंच मोजा.

बसच नसेल तर पोरांनी नकार देऊन करायचं काय?

मग मोहिमेने नकार मागूच नये. नकार दिलेली पोरं घरी कशी गेली, याची उत्तरं गावागणिक मांडा. एखाद्या गावाच्या सगळ्या पोरांनी 'चालत' किंवा 'ट्रॉलीतून' लिहिलं असेल, तर तो कागद घेऊन डेपोत जा. पाच वाजताची एक फेरी वाढली तर ती शंभर फलकांना भारी पडेल.

मोजणी किती दिवसांनी?

आठवड्याने, मग तीन महिन्यांनी, मग जमलं तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत. फक्त आठवड्याची मोजणी अहवालात टाकणारे पुष्कळ आहेत. तीन महिन्यांत मार्च येतो आणि दहावीची परीक्षा लागते, पोरांच्या वेळा बदलतात, म्हणून तिथे आठवी-नववीवर भर द्या.

खर्च?

कागद, पॅड, पेन, दोघांचा चहा. रॅलीच्या बॅनरपेक्षा कमी.

आणि मोहीम फसली असं निघालं तर? देणगीदारांना काय तोंड दाखवायचं?

आमची पहिली फसलीच होती. मोहिमेच्या शाळेत आणि तुलनेच्या शाळेत हेल्मेट सारखंच वाढलं होतं, म्हणजे वाढ तपासणीची होती, आमची नव्हे. ते आम्ही तसंच लिहिलं. देणगी देणाऱ्या दुकानदाराने कागद दोनदा वाचला, म्हणाला, 'म्हणजे माझे पैसे गेले की?' मग त्याने नकाराचं पान उलटलं. तिथे आमच्या शाळेत थोडी वाढ दिसत होती, अगदी थोडी, योगायोगाच्या काठावरची. त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, 'ह्यातली पोरगी माझी तर नव्हे? परवा ती वडापातून मध्येच उतरून आली, आई येणार होती म्हणाली. आई तर घरातच होती.'